वीस अंश

भोसरी, जे ब्लॉक, संध्याकाळचे सहा.
चाकणहून चौथा फोन: गाडी निघाली का?
निघतेय, म्हणाले मी.
गाडी दारातच उभी,
ड्रायव्हर पाय वर करून
मोबाइलवर कुस्त्या बघत होता.

तीनशे पिना. मोजून झाल्या चाळीस.
मोजत होता सिद्राम, अक्कलकोटकडचा,
कामाला लागून सहा आठवडे.
एकेक पीन पुसायचा, ट्यूबलाइटला धरायचा,
फिरवायचा, परत पुसायचा.
मुलगी बघायला आलायस का रे?
मोठ्यांदा म्हणाले. सगळे हसले.
तो नाही हसला.

मग मीच हिसकावला मायक्रोमीटर.
ग्राइंडिंगवरून नुकती उतरलेली पीन,
करकचून आवळली,
रॅचेटला हात न लावता.
एकच पीन, तीनदा मोजली,
तीन आकडे.
आणि तोंड सुटलं माझं:
सेटिंग कुणी केलं, डोळे कुठं ठेवलेत,
इथं भजी तळायला बसलात का.

मुजावरचाचांनी कूलंट बंद केलं.
चिंधीला हात पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांतून.
पीन माझ्याकडून घेतली
आणि ग्रॅनाइटच्या काळ्या पाट्यावर ठेवली,
झोपलेलं पोर ठेवावं तशी.
गरम आहे, मॅडम.
आत्ता ही खोटंच बोलणार.
एवढं बोलून चहाला गेले.

भिंतीवर तापमापक: वीस.
पिनेला वीसवर यायला लागतात
दहा-बारा मिनिटं.
हे मीच शिकवते नव्या पोरांना,
फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून.

पाचवा फोन वाजला. वाजू दिला.
मायक्रोमीटरच्या कमानीवर
दोन काळ्या पट्ट्या असतात,
धरणाऱ्या हाताची ऊब आत जाऊ नये म्हणून.
नऊ वर्षं धरतेय ती कमान.
सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी जे सुनावलं
ते मी डब्यासारखं झाकून आणलं होतं,
आणि इथं उघडून
वाढलं कुणाला, तर सिद्रामला.

बारा मिनिटं कशी जातात, ते सांगत नाही.
दोनदा पीन उचलायला गेले.
दोनदा हात खिशात घातला.

मग रॅचेट. टिक, टिक, टिक.
पीन बरोबर होती.

उजेडाला का धरतोस रे, विचारलं त्याला.
खाली बघत म्हणाला,
आई चादरी तपासती सोलापुरात, मागावर.
उजेडाला धरल्याबिगर
भोक दिसत न्हाई म्हणती.
मी हं म्हणाले.
माफी वगैरे काही जमलं नाही.
माझा चहा त्याच्यापुढे सरकवला,
तोही निवलेला.

तीनशेत सात पिना खरंच बाद निघाल्या.
चार त्यानं पकडल्या.
गाडी गेली साडेआठला.
सहाव्या फोनवर मी उशीर सांगितला, कारण सांगितलं,
पलीकडचा ओरडला,
मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

लांडेवाडीच्या सिग्नलला
लाल दिव्याचे अकरा सेकंद बाकी,
आणि मागच्याचा हॉर्न, सलग.
मी वळले. तोंड उघडलं होतं.
मग अंगठा आणि तर्जनी
हवेतच फिरवली, हळू,
टिक,
टिक,
तिसऱ्याला सिग्नल सुटला.
चौथ्याची वेळ आली असती तर
काय झालं असतं, माहीत नाही.