ने

कोमोतिनीत, तंबाखूच्या बंद गोदामामागच्या गल्लीत
पोलिक्सेनीबाईंना नव्वदावं लागलं
तेव्हा सीमेपलीकडून, कर्जालीहून,
रुम्याना आली त्यांना सांभाळायला.
दोन बॅगा, मोजून वीस ग्रीक शब्द,
त्यांत हो नव्हता.

पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, सूप?
बाई म्हणाल्या, ने.
रुम्यानाने वाडगा उचलून नेला.

ग्रीकमध्ये ने म्हणजे हो,
बल्गेरियनमध्ये नाही.
बाई उपाशी निजल्या. सकाळी मुलाला फोनवर म्हणाल्या,
पोरगी गुणाची आहे, पण जेवू घालत नाही.

शेजारची हायरिये दुपारी कुंपणातून यायची.
तिच्या घरात तुर्की. चाळीस हंगाम दोघींनी
समोरासमोर बसून तंबाखूची पानं ओवली,
हायरियेचा डावा कान त्यातच कधीतरी गेला.
तिचा अंगणभर एकच प्रश्न: ने?
म्हणजे, काय?

ने.
ने, ने.
ने?

पोस्टमन निकिफोरोसला वाटायचं,
काय एकमत आहे या तिघींचं!

हिवाळ्यापर्यंत रुम्याना शिकली.
जीभ वळली, मान वळेना.
हो म्हणताना अजून आडवीच हलायची.

फेब्रुवारीत एका रात्री
कुणी काही विचारलं नव्हतं,
औषधाची वेळही नव्हती,
आणि बाई छताकडे बघून म्हणाल्या,
ने.

मुलाने ऐकलं, हो.
आई तयार होती, असं तो अजून सांगतो.
रुम्याना शिकलेलं सगळं विसरली,
हात घट्ट धरून म्हणाली, नाही तर नाही, बाई, नाही.
हायरियेला त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आलं.
ती वाकली. सांग, म्हणाली, काय?

माझ्या भाषेत
ने म्हणजे घेऊन जा.
कुणाला, ते सांगावं लागत नाही.

मी तिथे नव्हते.
कर्जालीच्या बसमध्ये, शेजारच्या सीटवरून
रुम्यानाने हे सांगितलं, मोडक्या ग्रीकमध्ये,
माझं ग्रीक त्याहून मोडकं.
मराठीत लिहायला बसले
तर ज्याच्या-त्याच्या मागे तोच येऊन बसला:

रुम्यानाने खिडकी उघडली.
हायरियेने ओवायची जुनी सुई
पदराला पुसून उशाशी ठेवली.
मुलाने कुणाकुणाला फोन लावले.
पोलिक्सेनीबाईंनी

इथे थांबले.
मोठ्या माणसाला आम्ही नी लावतो.
त्यांचा ने
त्या सोबत घेऊन गेल्या होत्या.