फाळका की पल्ले

दस्तगीर मिस्त्रीनं खडूनं
शेडच्या पत्र्यावर तीन दारं काढली.
साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत, चहा येईपर्यंत.
म्हणाला, बोला.
सांगाडा उभा हाय, पाठ तेवढी उघडी ऱ्हायलीय.

पाठीखाली हूक, माझ्या मनगटाएवढा.
कुणाची बंद पडलेली, कुणाची चेमटलेली
खंबाटकीतनं ओढून आणायची,
एवढंच त्या गाडीचं जगणं.
आणि आमचं.

पहिलं दार फाळक्याचं. खाली पडणारं, दोन साखळ्यांवर तोललेलं.
त्याच्यावर भाकरी सोडता येते, नटबोल्ट मांडता येतात.
पण मागं गाडी जोडली
की ते आपटणार थेट ओढदांडीवर.
पोपट म्हणाला, म्हंजे पाना लागंल तवाच पेटारा बंद.

दुसरं वर उचलणारं, गॅसच्या नळ्यांवर.
भाचा मोबाइलवर तेच दाखवतो सारखं.
पावसात डोक्यावर छप्पर, लोक थांबून बघतील.
मिस्त्री हसला.
नळी दोन वर्सात थकती मालक,
मग छप्पर टाळक्यात.

तिसरं दोन पल्ल्यांचं, कपाटासारखं.
जागा खातं. उजवा पल्ला रस्त्यात डोकावतो,
आणि रात्रीचा कंटेनर
कुणाचा पल्ला बघून चालत नाही.

मी फाळकाच सांगणार होतो.
वडलांच्या ट्रकला फाळकाच होता,
त्याच्यावर पाय हलवत तेराचा पाढा पाठ केला मी,
अजून तेरा साती अडखळतो.

पण तोंडातनं शब्द निघेना.

गेल्या मार्गशीर्षात, रात्री दोनला,
बोगद्यापुढच्या वळणावर एक पांढरी मोटार.
माणसं वाचली होती.
बाई उभी होती, एका पायात चप्पल,
साडी डिझेलनं चिंब, थंडीनं दात वाजत होते.
पोपटनं डबा गुंडाळून आणलेलं बायकोचं लुगडं काढून दिलं.
बदलायचं कुठं?
आमची जुनी गाडी उघडी, चारी बाजूंनी हेडलाइट.
आम्ही दोघांनी ताडपत्री धरली, तोंडं फिरवून,
प्रत्येक ट्रकाबरोबर ती हातातनं सुटू बघायची.
आतनं तिनं एकदाच विचारलं,
दादा, गाडी दुरुस्त होईल ना?
हप्ते चालू आहेत.

चहा आला. साय धरलेला.

पल्ले, मी म्हणालो. पुऱ्या उंचीचे.
उजव्याला साखळी, काटकोनाच्या पुढं जायला नको.
काच?
काच नको.
मागचं दिसंल कसं?
आरसे आहेत की.

तळव्यानं त्यानं दोन दारं पुसली,
पत्र्यावर पांढरा ढग राहिला.

आणि कडी, मी म्हणालो. आतनंबी एक.
आतनं? तो खडू धरून थांबला.
पाने आतनं कडी लावत्यात व्हय?
पोपट कपातली साय बोटानं काढत होता,
त्यानं वर बघितलं नाही.

असू दे, म्हणालो.

मिस्त्रीनं खडू कानावर ठेवला,
वही उघडली, लिहिलं:
कडी एक. आतून.
रकमेची जागा मोकळी सोडली.