खपली

फेरारात नोव्हेंबरचं धुकं इतकं खाली उतरतं
की तळमजल्यावरची आमची खिडकी
दुपारी तीनलाच पांढरी होते.
आत सदतीस अंश.
आत तित्सियानोची कातडी वाढते आहे.

आली तेव्हा पोस्टाच्या तिकिटाएवढी होती.
मांडीवर तेवढीच शाबूत मिळाली.
पेशी सुट्या केल्या, त्यांच्यात विषाणू सोडला,
दात काढलेला, पाठीवर एकच निरोप दिलेला:
वरची त्वचा खालच्या थराला धरून ठेवते
त्या गाठीची कृती.
या पोराला ती जन्मतः कुणी सांगितलीच नव्हती.
सदऱ्याच्या शिवणीनंही फोड यायचे.
नऊ वर्षांत त्याला कुणी घट्ट धरलेलं नाही.

पेशींखाली आम्ही उंदराच्या पेशी अंथरतो,
किरणांनी वांझ केलेल्या.
त्या वाढत नाहीत, परक्याची लेकरं वाढवतात
आणि काम झालं की जातात.
हे असं मी अहवालात लिहीत नाही.

ओर्नेल्ला, त्याची आई, काचेपाशी येते.
तिच्या बोटांना मलमाचा वास, पट्ट्या सोडवायची घाई.
"ही त्याचीच ना?"
त्याचीच, मी म्हणते, एक ओळ जास्तीची लिहिलेली.
"मग मानेवरचा तीळ?
तो येईल?"
मी बशा मोजायला लागते.
एक्केचाळीस. पुन्हा मोजते. एक्केचाळीस.

फेब्रुवारीत दोन खेपांत लावली.
डाव्या टाचेवर धरली नाही, अजूनही नाही.
बाकी धरली.

जूनमध्ये तपासणीला आला तो बूट घालून,
आयुष्यातले पहिले,
आणि बाहेरच्या फरशीवर धावताना आपटला.
ओर्नेल्लाचा हात पर्समधल्या पट्टीवर गेला, तिथेच थांबला.
आम्ही सगळे त्या गुडघ्याकडे बघत राहिलो.
सालटं निघालं नाही.
रक्ताचा एक थेंब आला,
कुठल्याही मुलाच्या गुडघ्यावर येतो तसा,
आणि वाट बघून सुकला.

पुढच्या मंगळवारी जिन्यातून तिचा आवाज आला,
तीन मजले ऐकू जाईल असा:
"खपली काढू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं!"

मग स्वतःचंच ओरडणं ऐकून
ती पायरीवर खाली बसली.
तित्सियानो नखानं कड उचलून
बघत होता
खाली काय आहे ते.