दात बघून

सासरे टायर आडवा करतात,
खाचेत अंगठा खुपसतात,
रविवारी गुरांच्या बाजारात मेंढीचा जबडा उघडतात तसा.
"दात जुळलेत," म्हणतात. "एक हिवाळा काढील.
दुसऱ्याचं अल्लाला विचारा."

विकणारा दुंगान पोरगा, एकाच कानात इयरफोन,
हसत नाही. बिश्केकच्या या बाजारात
असे म्हातारे त्याला रोज भेटत असतील.
कंटेनरच्या छपरापर्यंत टायरांच्या उतरंडी,
जपानी, जर्मन, परक्या रस्त्यांवर झिजून आलेल्या,
वय कळू नये म्हणून काळं पॉलिश चोपडलेल्या.

आमची डेलिका बाहेर उभी आहे.
तिच्यात सात माणसं बसतात, लग्नसराईत अकरा.
एकदा वासरू आणलं. एकदा नारिनच्या इस्पितळातून सासूबाईंना,
पांघरूण घालून.
मागचं डावं चाक महिनाभर
रात्री गुपचूप श्वास सोडतंय.
सकाळी आधी पंप, मग चहा.

फोनवर याकुत्स्कहून तेमिरकुल:
"पुढचे दोन नवे घे. मागचं बघू वसंतात."
तिथे उणे एक्केचाळीस, आवाज तुटत येतो.
मी म्हणते, पुढे मी बसते. मागे मुलं.
तो गप्प.
की रेंज गेली, कोण जाणे.

गेल्या जानेवारीत दोलोनच्या घाटात
गाडीची मागची बाजू सरकली,
अगदी सहज, कुणी झोपेत कूस बदलावी तशी.
स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि नव्हतंही.
जिबेक आणि उलान खिदळले,
त्यांना वाटलं, आईने गंमत केली.
मीही हसले.
हे अजून घरात कुणाला ठाऊक नाही.

पोरगा टॉर्च मारून टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवतो.
आठवडा एकतिसावा, साल एकोणीस.
मी बोटांवर मोजते. ऑगस्ट लागत होता.
त्याच आठवड्यात तेमिरकुल पहिल्यांदा गेला,
एका वर्षापुरता.
"एवढं जुनं रबर आतून कडक होतं," पोरगा सांगतो.
"नुसतं बघून कळत नाही. बर्फावर कळतं."

हे नकोत, मी म्हणते. चारही नवे काढ.
खिळ्यांचे.

गोधड्यांच्या चवडीतून आणलेले पैसे,
गाईसाठी ठेवलेले, मी दोनदा मोजते.
सासरे टोपी काढतात, पुन्हा घालतात,
बोलत नाहीत.
मग नव्या टायरच्याही खाचेत अंगठा घालतात,
त्याच्या अंगावरची रबरी लव चिमटीत धरून उपटतात,
उजेडात धरून बघतात.
"आदत आहे," म्हणतात. "अजून दुधाचे दात."

पोरगा जॅक चढवतो.
नट समोरासमोरचे आवळतो, ओळीने नाही,
का ते मी विचारून घेते.
खिशात फोन थरथरतो.
वाजू दे.
तिसरं चाक बसतंय, अजून एक राहिलंय.