चुकीचं बटण

सुरतेच्या साडीच्या खोक्यावर बारा वर्षं तिचा चेहरा होता.
जळगावला, चोपड्याला, यावलला
बस्ता बांधायला बसलेल्या बायका
झाकणावरच्या कुमुद नेहेतेकडे बोट दाखवून म्हणायच्या,
हिच्या अंगावर आहे तश्शीच काढा.
मग झाकण गादीखाली जायचं,
कुणाचा तरी पाय पडायचा त्यावर.

ती सावद्याला परत आली तेव्हा मी तेरा वर्षांचा.
भुसावळला गाडी बदलून आली, दोन ट्रंका.
साड्या असतील, असं आळीला वाटलं.
एकीत एन्लार्जर निघाला, दुसरीत
काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले कागद,
जे उघडायला तिनं कुणाला दिले नाहीत.

केळी पिकवायची आमची जुनी खोली तिनं भाड्यानं मागितली.
खिडकी नाही. दाराच्या फटीत गोणपाट.
भिंतींना धुराचा, सालींचा गोड वास.
बाप म्हणाला, 'तेच्यात काय पिकवशीन वं?'
'बघू,' म्हणाली, 'काय पिकतं ते.'

बटणं सांभाळायचं काम माझं.
डावं लाल दिव्याचं, उजवं पांढऱ्याचं.
त्या रात्री कागद पाण्यात होता
(डेव्हलपरला मी पाणीच म्हणायचो)
आणि लाइट गेली.
मी चाचपडत बटणं खालीवर केली,
कुठलं कुठं राहिलं, कळलं नाही.
पाऊण तासानं लाइट आली, पांढरी,
सगळी खोली एकदम उघडी पडली.

मी मार खायला गाल पुढे केला होता.
ती ट्रेवर वाकलेली.
कागदावर तिचाच चेहरा होता, आरशातून काढलेला,
गाल राखेसारखे, डोळ्यांत उजेड उलटा,
आणि हनुवटीभोवती एक काळी रेघ,
कुणी काजळाच्या बोटानं ओढावी तशी.
खूप वेळानं म्हणाली, 'आता परत कर. तशीच चूक.'

तशीच चूक परत करणं किती अवघड असतं!
तीन महिने आम्ही तेच केलं.
एक मोजून बटण, दोन मोजून बंद.
हायपोनं माझी नखं पिवळी पडली,
शाळेत मास्तरांनी बिडीचा वहीम घेतला.

मग ती मळ्यात गेली.
केळीच्या खांबाला नऊवारी नेसवली,
मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, सतरा.
'पुढून चापूनचोपून दिसावं म्हणून
मला पाठीला असेच लावायचे,' म्हणाली,
'पाठ कुणी विकत घेत नाही ना.'
तिनं पाठच काढली.
आठवड्याच्या बाजारात तराजूच्या एका पारड्यात
दुकानातल्या पुतळीचं डोकं, दुसऱ्यात भरताची वांगी.
वांगी जड भरली. वांगीवाली रखमा
त्या फोटोत हसते आहे, ते ठरवलेलं नव्हतं.
एकदा मला खांबामागं उभं करून
सालपटातून हात बाहेर काढायला लावला.
मुंग्या चावत होत्या. 'हलू नको' असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, 'हलायचं तर हल. मी बारा वर्षं हलले नाही.'

बडोद्याहून माणसं आली, नंतर आणखी लांबून.
ओट्यावर बसून चहा पिताना म्हणाली,
या देशात असं आधी कुणी केलं नव्हतं, हे अतिवास्तव.
बापानं विचारलं, 'अती म्हनजे किती?'
कुणाला सांगता आलं नाही.
कुमुदताई मात्र पदर तोंडात धरून हसली,
तसं हसताना खोक्यावर तिला कुणी पाहिलं नव्हतं.

ती गेली त्याला सहा वर्षं झाली.
मी स्टँडजवळ पासपोर्ट फोटो काढतो.
गिऱ्हाईक म्हणतं, कान सारखे करा,
मी करतो. माझा धंदा तो.
काउंटरमागं भिंतीवर तो केळीचा खांब आहे,
त्यातून फुटलेला एक पोरगेला हात.
लोक विचारतात, कुणाचा?
मी सुटे पैसे मोजत राहतो,
आणि देताना हात जरा
बाहीत ओढून घेतो.