पेव

सकाळी सहा चाळीसला भूपाल मगदूम
हरिपूरहून मिरजेला येतात.
बायकोच्या भाजीच्या पिशवीत बर्फाचा डबा,
डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा.
"ताई, कुणाला दावू नका," म्हणतात,
जणू आत चोरीचा माल आहे.

मी रबरी हातमोज्यांतून हात घालते
काचेच्या बंद पेटीत, जिथे हवा नाही.
म्हणजे आहे, पण प्राणवायू काढून घेतलेली.
ज्यांना शोधतेय ते प्राणवायूनेच मरतात.
आपला एक श्वास म्हणजे
त्यांच्या अख्ख्या गावावर घाला.

हे सांगितलं तेव्हा मगदूम पहिल्यांदा हसले.
पंचवीस वर्षं हळदीच्या पेवांत उतरलेला माणूस.
"पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला, तर काठावर बसायचं तंबाखू मळत.
आमच्यातलं एक पोरगं थांबलं न्हाई."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आतड्याचं अस्तर एका पेशीएवढं जाड.
अलीकडे माणूस, पलीकडे कोट्यवधींची वस्ती,
मधे पहारेकरी. ते जन्मभर शिकत असतात
कुणाला अडवायचं, कुणाकडे काणाडोळा करायचा.
मगदूमांचे पहारेकरी काणाडोळा विसरले.
एका रात्री घरच्यांवरच काठी उचलली,
ती अजून खाली ठेवलेली नाही.

दिवसातून चौदा वेळा. रक्त.
पुतणीच्या लग्नात मांडवाऐवजी
कार्यालयाच्या मागच्या दाराशी खुर्ची.
सांगलीच्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलातल्या
संडासाला आतून कडी आहे, हे तोंडपाठ.
स्टेरॉईडने सुजलेला चेहरा बघून
लोक म्हणतात, तब्येत सुधारली की!

बत्तीस रुग्ण, बत्तीस त्यांच्या घरचे, तीन हिवाळे.
आजाऱ्यांच्या डब्यांत एक जात जवळजवळ नाहीच,
नेमकी तीच, जी अस्तराला खाऊ घालते.
ती गेली म्हणून आग लागली
की आग लागली म्हणून ती गेली?
सर म्हणतात, एवढ्यावरून काही लिहिता येणार नाही.
मी वहीत प्रश्नचिन्ह काढते, मग तेच गिरवते.

"ह्यातलं माझं कुठलं?" मगदूम विचारतात.
मी काचेआड एक जुनी ताटली उचलून धरते.
फिकट ठिपके, तिळाहून बारीक.
तुमचे म्हणावं, तर ते तुम्ही नव्हे.
तुमचे नव्हेत म्हणावं, तर मग
साठ वर्षं तुमच्या ताटात कोण जेवलं?

पूर आला त्या साली पेवांत पाणी शिरलं होतं.
आत हळद कुजत गेली, वर माती तशीच सपाट.
"वरनं कळत न्हाई ताई. वास आला की कळतं,
तवर उशीर."

आज डब्यासोबत कागदाच्या पुडीत
त्यांनी एक हळकुंड आणलंय.
औषध म्हणून नव्हे. "असंच. आमच्या पेवातलं ऱ्हायल्यालं."
मी ते पेटीशेजारी ठेवलं.
कालच्या ताटल्यांवर अजून काही उगवलेलं नाही.
सर विचारून गेले, फेकायच्या का?
म्हटलं, दोन दिवस राहू देत.