कसर

हापसालूच्या अभिलेखागारात
खोकं एकशे बारा, पाकीट नऊ:
समुद्रस्नानाची दोन तिकिटं, एक अर्धं फाटलेलं,
धोब्याची यादी – तीन कॉलर, एक अभ्रा, "डाग निघाला नाही",
गायनमंडळीच्या जलशाची जाहिरात,
तिच्या पाठीवर कुणीतरी मांडलेला बटाट्यांचा हिशेब,
आणि ते पोस्टकार्ड.

कार्डावर लाकडी स्नानगृह, समोर बायकांच्या छत्र्या,
आणि एक कुत्रा, फोटो निघताना हललेला,
म्हणून त्याला दोन तोंडं.
साल एकोणीसशे तीन.
तेव्हा पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा नव्हती;
सांगायचं ते चित्रावरच सांगायचं,
वाळूत, छपरावर, बसेल तिथे.
वीयूनं आभाळात लिहिलंय:
"मादिस, शाल विकली गेली. जनरलच्या बायकोनं
आधी अंगठीतून ओढून पाहिली, मगच पैसे दिले.
आईचा खोकला तसाच."
आणि मग भोक.

चौकोनी, कात्रीनं नीट कापलेलं.
मागच्या बाजूला दोन डोक्यांच्या गरुडाचं लाल तिकीट होतं,
ते कुण्या पोराला हवं होतं.
तिकिटाबरोबर आभाळाचा तुकडा गेला,
आभाळाबरोबर एक शब्द.
भोकाच्या पलीकडे उरलं: "ये."

आपल्याकडे "येऊ" ऐकल्यावरही जीव टांगणीला,
"नकोस" मागून येतं.
त्यांच्या भाषेत नकार क्रियापदाच्या पुढे उभा राहतो,
दारवानासारखा.
इथे दारवानच कापून नेलेला.
"नको" असेल, नाहीतर "कृपा करून".
दोन्ही त्या भोकात मावतात,
आइली वाहेरनं पट्टी लावून पाहिलंय.

एकोणीस वर्षं हे खोकं तिच्याकडे आहे.
नवरा घर सोडून गेला त्या वर्षी
तिची खात्री होती: नको.
लेक बाळंत झाली तेव्हा वाटलं, छे, कृपा करून.
सूचीत मात्र तिनं इतकंच नोंदवलं: एक शब्द गहाळ.

मार्चात, खाडीवर अजून बर्फ असताना,
एंडेल पुक आले, वय ब्याऐंशी,
सायकलच्या टोपलीत थोरल्या काकांचा
तिकिटांचा अल्बम.
"घरात जागा नाही," म्हणाले,
"आणि सुनेला त्याच्यानं शिंका येतात."

अकरावं पान उलटताना एक लाल चौकोन
आपसूक सुटला, टेबलावर पालथा पडला.
गव्हाच्या पिठाची खळ होती,
कसरीनं पिढ्यान् पिढ्या चाटून संपवलेली.
आइली जिच्यासाठी महिन्याच्या महिन्याला सापळे लावते
त्या कसरीनंच कसर भरून काढली.

पालथ्या तुकड्यावर इवलंसं आभाळ,
जांभळी शाई:
"शनिवारी".

शनिवारी ये.

आइली हसली. मग बराच वेळ हसली नाही.
एकोणीस वर्षं जे दार ती लावत-उघडत होती
तिथे नुसता एक वार होता,
बाजाराचा, सौनाचा, पाव भाजण्याचा.

"मग आला का तो?" एंडेलनी विचारलं.
खोक्यात त्याचं उत्तर नाही.
जलसा शनिवारचाच होता,
पण शनिवार काय, दर आठवड्याला असतो.
हिशेबातले बटाटे दोघांना महिनाभर पुरतील,
किंवा एकीला हिवाळाभर.

एंडेलना चहा दिला.
तुकडा भोकात ठेवून पाहिला. चिकटवला नाही, तसा नियम आहे.
चारी बाजूंनी केसभर फट राहिली,
तेवढं कात्रीनं खाल्लं.
कुत्रा अजून दोन्हीकडे बघत होता.
आइलीनं सूचीतलं "गहाळ" खोडलं
आणि वार लिहिला, पेन्सिलनं.
पेन आत न्यायला बंदी आहे.